फाउल कुणाचा होता?

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिकडे भेटायला येणारी माणसं कधी फिरकत नाहीत, तिकडे धुलाईघर आहे. पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला मळक्या चादरींचे ढीग येऊन पडतात, दुसऱ्या टोकानं पांढऱ्या घड्या बाहेर निघतात, आणि मधल्या वाटेत वाफ, साबणाचा उग्र दर्प आणि यंत्रांची घरघर. त्या घरघरीच्या मधोमध एक माणूस उभा असतो. खांद्यांनी रुंद, केसांनी पांढरा, उंचीनं बेताचा. हुद्दा मुकादमाचा, पण त्याला मुकादम म्हणून कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. त्याला सगळे कप्तान म्हणतात.

नव्या माणसाला वाटतं, फौजेत असेल. फौजेत नव्हता. तरुणपणी हा बास्केटबॉल खेळायचा, आणि असा खेळायचा की सामन्याच्या संध्याकाळी गावातली दुकानं लवकर बंद व्हायची. कारखान्यामागचं ते सिमेंटचं मैदान, दोन लाकडी फळ्या, त्यांना गंजलेल्या कड्या, आणि भोवती माणसांची भिंत. त्या मैदानावर गावच्या क्रीडा मंडळाच्या संघानं तीनदा अजिंक्यपद आणलं. तिन्ही वेळा कप्तान हाच.

तेव्हापासून आजवर त्याच्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, कुणाच्या लग्नघरात. "कप्तान ना? काय माणूस! सगळा संघ बांधून ठेवला होता त्यानं." ऐकणारा मान डोलावतो, बोलणारा समाधानानं पुढं जातो, आणि कप्तान तिथून काढता पाय घेतो. कारण त्या वाक्यात खेळ हा शब्दच नसतो.

"बांधून ठेवला म्हणे," तो घरी येऊन बायकोपुढं चिडायचा. "संघ काय गवताचा भारा होता? आणि मी काय दोरी?"

बायको शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करायची. मशीनवरची मान वर न करता ती म्हणायची, "दोरीचं नाव तरी घेतात. भाऱ्यातल्या किती काड्यांचं घेतात?"

"काड्यांचंच घेतात! खांबाचं घेतात, भिंगरीचं घेतात. त्या नेमबाजाला तर अजून चहाचे पैसे देऊ देत नाहीत कुठं." खांब, भिंगरी, नेमबाज ही संघातल्या गड्यांची मैदानावरची नावं.

हे भांडण त्या घरात इतकं जुनं झालं होतं की दाराच्या कडीसारखं ते रोज वाजायचं आणि कुणाला ऐकू यायचं नाही.

त्या दिवशी धुलाईघरात एक चादर जळाली. मोठ्या तापत्या रोलरखालून चादरी सरकत जातात आणि पलीकडं सरळ होऊन निघतात. रोलरवरच्या मावशींचं लक्ष क्षणभर हललं, चादर अडकली, आणि जळक्या सुताचा वास शेडभर झाला. नेमक्या मेट्रन बाई दारात उभ्या.

"कुणी केलं हे?"

मावशींचा चेहरा साबणासारखा पांढरा पडला. आणि कप्तानाचा उजवा हात वर गेला. त्यानं नेला नाही, गेला. कोपर सरळ, पंजा उघडा, कानाच्या वर.

"माझ्याकडून झालं. रोलर मी थोडा जास्त तापवून ठेवला होता."

मेट्रन बाईंनी त्याच्याकडं बघून मान हलवली. "तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." त्या गेल्या. मावशींनी डोळ्यांतून पाणी काढलं, भोवतीचे चौघे पुटपुटले, "कप्तान म्हणजे कप्तान." आणि कप्तान स्वतःच्या हाताकडं असा बघत राहिला, की जणू पाळलेलं कुत्रं पुन्हा एकदा न विचारता परक्याच्या घरी जाऊन आलंय.

या हाताची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही.

त्या काळी नियम होता. पंचाची शिट्टी वाजली की ज्यानं फाउल केला त्यानं स्वतःहून हात वर करायचा, आणि टेबलावर लिहिणारा माणूस मान हलवेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. म्हणजे मी केलं, लिहून घ्या. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, मग तो कितीही मोठा असो. आता कडीखाली सात-आठ अंगं एकमेकांवर आदळत असतात. शिट्टी वाजते तेव्हा कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत गेला हे पंचालाही पुष्कळदा नीट दिसलेलं नसतं. ज्याचा हात वर, त्याचा फाउल.

मंडळाच्या संघात एक ताडमाड गडी होता. त्याला खांब म्हणायचे. कडीखाली उभा राहिला की समोरच्यांना आभाळ दिसायचं नाही. पण खांब तापट आणि हाताचा उतावळा. निम्मा सामना होईतो त्याचे तीन फाउल व्हायचे. खांब बाहेर गेला की संघ आडवा, हे लहान पोरालाही कळायचं. तेव्हा पहिल्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, शिट्टी वाजली, कोपर खांबाचाच होता, आणि हात वर गेला कप्तानाचा. टेबलावरच्या माणसानं मान हलवली. लिहिलं गेलं.

मग ती रीतच पडली. कुणी बोललं नाही, ठरवलं नाही. शिट्टी वाजायची, खांब गप उभा राहायचा, कप्तानाचा हात वर जायचा. तिन्ही अंतिम सामन्यांत कप्तान पाच फाउल होऊन शेवटच्या काही मिनिटांत बाहेर बसला. तिन्ही विजयाच्या छायाचित्रांत तो कडेला आहे, गळ्यात टॉवेल, घामानं निथळलेला, आणि मध्ये बाकीचे उड्या मारताहेत. ज्यानं छायाचित्र पाहिलं त्याला वाटावं, हा कुणी पाणी देणारा असेल.

आणि हा माणूस खेळायचा कसा? ते आता कोण सांगणार! मैदानाच्या सिमेंटला कुठं भेग आहे, कुठं चेंडू मेल्यासारखा उसळतो, हे त्याच्या तळव्यांना पाठ होतं. तो चेंडू घेऊन निघाला की घाई दिसायची नाही. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जावं तसा जायचा, आणि समोरच्याला वळसा कळायचा तो चेंडू जाळीतून पडल्यावर. एका उपांत्य सामन्यात नेमबाज तापानं फणफणला होता. त्या दिवशी कप्तानानं एकट्यानं कडी पेटवली. डावीकडून टाकला, उजवीकडून टाकला, पडता पडता टाकला. जाळीचा तो सळसळ आवाज त्याला अजून झोपेत ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय आलं? 'नेमबाज आजारी असतानाही कप्तानानं संघाचं मनोधैर्य टिकवलं.'

"मनोधैर्य!" ते आठवलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मनोधैर्यानं जातो का चेंडू जाळीत? हातानं जातो. या हातानं!"

तर, चादर जळाली त्याच आठवड्यात मंडळाचा चिटणीस धुलाईघराच्या दाराशी आला. तरतरीत माणूस, चिटणीस झाल्यापासून बसायला वेळ नसलेला.

"कप्तान, आनंदाची बातमी. मैदानावर छप्पर झालं, आत बाकं बसली. आता दर्शनी भिंतीवर आपल्या मंडळाच्या पाच सर्वोत्तम खेळाडूंची चित्रं काढायची. पुरुषभर उंचीची! रंगारी ठरलाय. रविवारी बैठक. तुम्ही पाहिजेच. तुमच्याशिवाय पान हलायचं नाही."

कप्तान चादरीची घडी घालत होता. त्याचे हात मध्येच थांबले. "पाच?"

"पाच. संघात पाचच खेळतात ना."

एवढं बोलून चिटणीस गेला. कप्तानानं ती घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पुरुषभर उंचीचं चित्र. गळ्यात टॉवेल नसलेलं.

रविवारी सकाळी त्यानं दाढी दोनदा केली. बायको मशीनवरून बघत होती.

"लग्नाला एकदाच केली होती."

"अगं, बैठक आहे."

"बैठकीत गाल बघतात वाटतं?" मग तिनं पाय थांबवला, मशीन गप झालं. "अहो, एक ऐका. तिथं गेल्यावर तोंड उघडा. मूग गिळून बसू नका. तिन्ही सामन्यांना मी पहिल्या ओळीत होते. कुणाचा कोपर आणि कुणाचा हात, मला सगळं दिसलंय. पण माझं ऐकतंय कोण? बायको म्हणणारच, म्हणतील."

"स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं? खांब असेल ना तिथं. त्याला माहीत आहे."

"खांब!" ती म्हणाली, आणि पुढचं जे काही होतं ते तिनं सुईत दोऱ्यासारखं ओढून घेतलं.

बैठक मैदानालगतच्या खोलीत होती. जाळ्यांमध्ये भरलेले चेंडू, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, ताज्या रंगाचा वास. खांब आधीच येऊन बसलेला. एवढा उंच माणूस, पण आता त्याचा उजवा खांदा धरला होता. चहाचा पेला डाव्या हातानं उचलायचा. त्याच्या शेजारी भिंगरी, म्हातारपणीही पाय हलवत. पलीकडं नेमबाज, आणि त्याच्या मागं ज्याला सगळे वकील म्हणायचे तो. वकिली त्यानं कधी केली नव्हती. पंचांशी हुज्जत घालायचा म्हणून ते नाव.

चिटणीस उभा राहिला. "तीन नावांवर वाद नाही. खांब, नेमबाज, आणि आपला थोरला गोलंदाज, जो आता हयात नाही." गोलंदाज म्हणजे कडीखालून लांबच लांब चेंडू फेकणारा, बिचारा मागच्या वर्षी गेला. "चौथं नाव नव्या पिढीतल्या पोराचं, तो आता बाहेर खेळतो, त्याला डावलता येत नाही. उरली एक जागा."

उरली एक जागा. कप्तान ताठ बसला. त्याचं हृदय चेंडूसारखं उसळत होतं, आणि त्याला स्वतःचाच राग येत होता की या वयात ते असं उसळतं.

"ती माझी," भिंगरी म्हणाला. "लाजायचं काय त्यात? माझ्यासारखा पळणारा या मैदानानं पुन्हा पाहिला?"

"पळणारा म्हणजे खेळणारा नव्हे," वकील उसळला. "पळतं तर मांजरही. शेवटच्या अंतिम सामन्यात शेवटची बास्केट कुणाची? माझी!"

"कडीखाली उभा होतास म्हणून तुझ्या डोक्यावर पडून आत गेला चेंडू!"

"डोकं होतं म्हणून पडला!"

मग जे जुंपलं ते विचारू नका. गुडघेदुखीची दोन म्हातारी माणसं तावातावानं उभी राहिली. नेमबाज हसत होता, चिटणीस हातवारे करत होता, चहा लवंडला. आणि कप्तानाला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. आता. त्यानं खांबाकडं पाहिलं. खांब पेल्यात बघत होता, जसं काही तिथं तळ लागत नव्हता.

"थांबा, थांबा!" चिटणीस ओरडला. "भांडताय कशाला? कप्तान बसलेत ना इथं. त्यांना विचारा. त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस गावात नाही. कप्तान, तुम्हीच सांगा. पाचवा कोण?"

भिंगरीचे पायसुद्धा थांबले. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळली, मैदानावर अडचणीच्या वेळी वळायची तशीच. त्या तोंडांवर विश्वास होता, आपुलकी होती. फक्त एका गोष्टीचा मागमूस नव्हता.

कप्तानानं घसा खाकरला.

"मी," तो म्हणाला.

भिंगरी फिस्सकन हसला. नेमबाज हसला. वकिलानं मांडीवर थाप मारली आणि हसता हसता भिंगरीच्याच खांद्यावर रेलला. चिटणीसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा, कप्तान, वा! याला म्हणतात कप्तान!" तो डोळे पुसत म्हणाला. "एका शब्दात भांडण मिटवलं. बघा, शिका जरा! तिसरंच नाव पुढं करून दोघांना ताळ्यावर आणलं!"

आणि कप्तानानं काय केलं? हसला. तोही हसला. ओठ आपोआप फाकले, जसा हात आपोआप वर जायचा. मग त्याच हसऱ्या तोंडानं त्यानं निवाडा दिला: "भिंगरीला घ्या. वकिलाचं नाव बाकांच्या पहिल्या ओळीवर लिहा." दोघेही खूश झाले. चिटणीसानं लगेच पुढचं जाहीर केलं, उद्घाटनाचं भाषण कप्तानाचं, भाषण कप्तानाशिवाय कुणाचं असणार!

खोलीत एकच माणूस हसला नव्हता. बाहेर सायकलींपाशी तो मागून आला.

"कप्तान."

कप्तान कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती.

"तू चेष्टा करत नव्हतास," खांब म्हणाला.

"नव्हतो."

"मला कळलं रे."

"कळलं? मग आत काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

खांबानं धरलेला खांदा चोळला. "काय बोलणार? माझं चित्र काढायचं ठरलं आणि मी सांगू, की माझे फाउल दुसऱ्याच्या नावावर? नातवंडं आणणार आहे मी उद्घाटनाला. त्यांच्यासमोर..." तो थांबला. "आणि मी कधी मागितलं होतं का तुला? तू स्वतः हात वर करायचास."

ते खरं होतं. मागितलं नव्हतं. याच्यावर चिडावं तर हा निर्दोष, आणि स्वतःवर चिडावं तर तीन अजिंक्यपदं. त्यानं सायकल अशी ओढली की शेजारच्या चार आडव्या झाल्या. त्या तशाच टाकून तो निघाला. पण कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला आणि चारही उभ्या करून ठेवल्या. त्याचाही त्याला मनस्वी संताप आला.

घरी त्यानं सगळं सांगितलं. बायको ऐकत होती. 'मी' म्हणाल्याचं ऐकून तिचा चेहरा उजळला. पुढचं ऐकून तिनं कात्री खाली ठेवली.

"ते हसले. आणि तुम्ही?"

"मीपण."

"तुम्हीपण हसलात?"

"काय करणार होतो?"

"न हसता बसायचं होतं! एवढंच करायचं होतं, अहो. नुसतं बसायचं होतं!" तिचा आवाज भरून आला. "तुम्ही न हसता बसला असतात तर त्यांच्या तोंडातलं हसू तिथंच सुकलं असतं. पण कुणी अवघडलेलं तुम्हाला बघवत नाही. सगळ्यांना सांभाळता आणि घरी येऊन माझ्यापुढं जळता. ही जळकी चादर मीच का धुवायची रोज?"

त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही.

पुढच्या आठवड्यात धुलाईघरात शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे साध्या कपड्यांत मिसळले गेले. मोठी चूक, सगळं पुन्हा उकळावं लागणार. मेट्रन बाई शेडच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कुणाचं काम हे?"

कप्तानाचा उजवा हात उचलला गेला. खांद्यापर्यंत आला. आणि कप्तानानं डाव्या हातानं तो मनगटाशी धरला. खरोखर धरला, दांडगा खोंड कासऱ्यानं आवरावा तसा. वाफ फुसफुसत होती. दोघांनी सवयीनं कप्तानाकडं पाहिलं, मग एकमेकांकडं. त्याच्या कपाळावर घाम आला. अंतिम सामन्यात आला नव्हता एवढा.

"माझं," रोलरवरच्या मावशी म्हणाल्या. "कपड्यांच्या गाड्या मी उलट्या लावल्या, बाई."

मेट्रन बाई त्यांना चार शब्द बोलल्या, मावशींनी ते ऐकून घेतले, आणि कपडे पुन्हा उकळायला गेले. छप्पर कोसळलं नाही. मावशी दुपारी चहा पिताना म्हणाल्या, "कप्तान, आज तुमची तब्येत बरी नाही का?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. जन्मभर दिलेलं कुणी मोजलं नाही. एकदा दिलं नाही तर माणूस आजारी.

त्याच संध्याकाळी त्यानं चिटणीसाला निरोप धाडला: भाषण करणार नाही. चिटणीस धापा टाकत आला.

"कप्तान, असं कसं? कार्यक्रम छापून झाला! तुम्हीच असं केलंत तर मंडळ कुणाच्या तोंडाकडं बघणार?"

"खांबाला सांगा. उंच आहे, माइकपर्यंत पोचेल."

"पण काही कारण? कुणी काही बोललं का? मी मिटवतो."

"कुणी काही बोललं नाही," कप्तान म्हणाला. "तेच कारण."

चिटणीसाला त्यातलं काही उमगलं नाही. जाताना तो बायकोला दाराशी हळूच म्हणाला, "वयाचं असेल." तिनं दार लावलं, जरा जोरातच.

उद्घाटनाच्या दिवशी नव्या छपराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कप्तान आणि त्याची बायको मधल्या बाकावर बसले, चार माणसं बसतात तशी. समोर भिंत. रंगाऱ्यानं काम झकास केलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. नेमबाज चेंडूवर डोळा लावून, भिंगरी अर्धा हवेत. आणि मधोमध खांब, दोन्ही हात उंच उभारून, बोटांवर चेंडू तोललेला.

"बघ," कप्तान पुटपुटला, "आता केलाय हात वर. रंगाऱ्यानं करवला."

"हळू बोला," बायको म्हणाली, पण तिच्या ओठांची कड हलली.

खरा खांब माइकपाशी आला. घामेजलेला, धरलेला खांदा वाकडा. पहिल्या ओळीत त्याची नातवंडं ओळीनं बसलेली. त्यानं आभार मानले, मैदानाचं कौतुक केलं. मग म्हणाला, "आज इथं मी उभा आहे, पण उभं राहायला हवं होतं आमच्या कप्तानानं." टाळ्या झाल्या. कप्तानाचे कान टवकारले. "आमचा कप्तान म्हणजे... काय सांगू. फार मोठा माणूस. आमची भांडणं मिटवायची त्यानं, आमच्या डोक्यावर पाणी ओतायचं त्यानं. सगळा संघ बांधून—"

"फाउल कुणाचा होता?"

आवाज मोठा नव्हता, पण छपराखाली घुमला. माणसं वळली. कप्तान उभा होता. आपण कधी उभे राहिलो हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

खांबाचं तोंड उघडंच राहिलं.

"पहिल्या अंतिम सामन्यात," कप्तान म्हणाला. "दुसऱ्यात. तिसऱ्यात. कडीखाली शिट्टी वाजली. फाउल कुणाचा होता?"

छपराखाली कुजबुज सुरू झाली. चिटणीस अर्धवट उठला, बसला. खांबानं नातवंडांकडं पाहिलं. मागं भिंतीवरच्या आपल्या पुरुषभर चित्राकडं पाहिलं. मग त्यानं दात आवळले, आणि उजवा हात, तोच धरलेला, उचलायला सुरुवात केली. कोपर हलला. खांदा कुरकुरला असावा, कारण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. पण हात चढत गेला, कानापर्यंत, कानाच्या वर. कोपर सरळ. पंजा उघडा.

कप्तानाच्या बायकोनं नवऱ्याची बाही धरली.

आणि मग व्हायचं ते झालं. पहिल्या ओळीतल्या एका नातवाला वाटलं, आजोबा हात दाखवताहेत. त्यानंही हात वर केला. शेजारच्यानं केला. चिटणीस तर अशा वेळी मागं राहणारा नव्हेच, तो माइककडं धावला, "कप्तानांना मानवंदना! सगळ्यांनी, सगळ्यांनी!" आणि त्या छपराखाली शेकडो हात वर झाले. भिंगरीचा, वकिलाचा, नेमबाजाचा, न्हाव्याचा, मेट्रन बाईंचासुद्धा. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. "कप्तान! कप्तान!"

"अरे, मानवंदना कसली!" कप्तान ओरडला. "कबुली आहे ती! त्याला बोलू द्या!" पण त्याचे ओठ हलताना दिसले तेवढेच. माणसांना वाटलं, तो आभार मानतोय. त्यांनी आणखी जोरात टाळ्या पिटल्या.

तो धपकन खाली बसला. "संपलं," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी त्यानं हात वर केला, आणि या गाढवांनी त्याचंही वाटोळं केलं. एकालाही कळलं नाही."

"मला कळलं," बायको म्हणाली.

"तुला आधीच माहीत होतं."

"त्याला कळलं."

"त्यालाही आधीच माहीत होतं!"

"मग रडा आता," ती म्हणाली. "समोर बघायचं सोडून."

त्यानं समोर पाहिलं. हात खाली येत होते. माणसं बसत होती, खुर्च्या सरकत होत्या, चिटणीस पुढचा कार्यक्रम सांगू लागला होता. पण माइकच्या मागं खांब तसाच उभा होता, हात वर. गर्दीत त्याची नजर कप्तानावर खिळलेली. हात थरथरत होता, कपाळावरून घाम ओघळत होता, नातवंडं एकमेकांना ढोसत होती. तरी तो खाली घेईना. नियमच होता तसा. टेबलावरच्या माणसानं मान हलवेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

इथं टेबल नव्हतं. लिहिणारा माणूस कधीच मरून गेला होता. मान हलवायची राहिली होती ती एकाच माणसाची.

बायकोनं त्याला कोपर मारला. "अहो, हलवा मान. खांदा धरलाय त्याचा. दुखत असेल."

"दिसतंय मला," कप्तान म्हणाला. त्यानं हाताची घडी घातली आणि पाठ बाकाला टेकली. "राहू दे जरा वेळ."